तक्रार केल्यावर काय होतं? कामाच्या ठिकाणचा छळ, त्यानंतरचा सूड आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. फोन येतात ते बहुतेक रात्री नऊनंतर, घरातली झोपल्यावर किंवा हॉस्टेलच्या गच्चीवरून, दबक्या आवाजात. 'हे छळात मोडतं का' हा प्रश्न त्यात क्वचितच पहिला येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणून इथेही सुरुवात त्याच्यापासूनच.

तक्रार केली तर माझी नोकरी जाईल का?

कायद्याने जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते मात्र आधीच सांगून ठेवते. 'तक्रार केलीत म्हणून काढतोय' असं पत्र हातात देण्याइतका भोळा एचआर विभाग मी अजून पाहिलेला नाही. होतं ते असं: दर सोमवारच्या मीटिंगचं निमंत्रण येणं बंद होतं. सलग चार वर्षं चांगला शेरा मिळवणारीच्या हाती अचानक पीआयपीचा, म्हणजे 'ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारा' असं बजावणारा कागद पडतो. शिफ्ट बदलते, क्लायंट बदलतो, गाव बदलतं. विचारलं की उत्तर तयार असतं, 'कामाची गरज'.

न्यायालयांना हे कळत नाही असं नाही. 2020 साली एका सरकारी बँकेतल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. शाखांमधले गैरप्रकार तिने वर कळवले होते, एका वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही केली होती. त्यानंतर तिची इंदूरहून जबलपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत बदली झाली, आणि ते पद तिच्या श्रेणीपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचं होतं. बदली हा नोकरीचाच भाग आहे, हे न्यायालयाने नाकारलं नाही. पण या बाईंना बोलल्याची शिक्षा दिली गेली आहे, असं म्हणून बदली रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला, त्यांना इंदूरला परत आणायला लावलं आणि वर बँकेला 50 हजार रुपयांचा भुर्दंड दिला. हे सगळं व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. नोकरी वाचवणारा कायदा आहे, पण तो धावत येत नाही. तोवर तग धरायला हाताशी कागद लागतात, आणि या पानावरची निम्मी उत्तरं त्या कागदांबद्दलच आहेत.

कायद्याच्या भाषेत लैंगिक छळ म्हणजे नक्की काय?

2013 चा कायदा, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात, तो पाच गोष्टी सांगतो: अंगचटीला येणं, शरीरसंबंधाची मागणी किंवा विनंती करणं, लैंगिक अर्थाचं बोलणं, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि शब्दाने, स्पर्शाने वा हावभावाने केलेलं लैंगिक स्वरूपाचं कोणतंही नकोसं वर्तन. यातली शेवटची गोष्ट मुद्दाम सैल ठेवली आहे. रात्री अकराचे 'झोपलीस का' हे मेसेज, प्रत्येक मीटिंगमध्ये साडीवर होणारी टिप्पणी, टक लावून बघणं, या साऱ्याची जागा त्यात आहे.

याच्या जोडीला तिसऱ्या कलमात काही परिस्थिती दिल्या आहेत. 'ऐकलंस तर बढती', 'नाही ऐकलंस तर बघ', नोकरीवर टाच आणण्याची धमकी, कामात अडथळे आणून वातावरण नकोसं करणं, तब्येतीवर परिणाम होईल इतका अपमान. लैंगिक वर्तनाशी यांचा धागा जुळला की तोही छळच. सुडाच्या तक्रारीत हे कलम कामाला येतं, त्यामुळे ते लक्षात असू द्या.

'माझा तसा हेतू नव्हता, मी गमतीत म्हणालो' असं तो म्हणतोय. मग?

म्हणू दे. कायद्यातला शब्द 'नकोसं' असा आहे, आणि नकोसं वाटलं की नाही हे जिला सोसावं लागलं तिच्या बाजूने पाहायचं असतं. तुम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली असेल तरी तेवढ्यावरून संमती ठरत नाही. साहेबांच्या विनोदावर न हसण्याची मुभा किती जणींना असते?

मी कंत्राटी आहे, किंवा इंटर्न, किंवा प्रोबेशनवर. मला हे लागू आहे का?

आहे. कायम, हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, पगार न घेता काम करणारी, सगळ्या जणी त्यात येतात. 'तुम्ही आमच्या पगारपत्रकावर नाही' हे उत्तर चालत नाही. घरकामगारांनाही संरक्षण आहे. त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

घटना ऑफिसात घडलीच नाही. कंपनीच्या कॅबमध्ये, दौऱ्यावर, व्हिडिओ कॉलवर घडली.

या कायद्याचं मूळ माहीत असेल तर हा प्रश्न पडायला नको. भंवरीदेवी राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन', म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांना ऑफिस नव्हतं, केबिन नव्हती. गावातली घरं हीच कामाची जागा. भटेरी गावातला बालविवाह थांबवायला गेल्याचा राग म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम केल्याबद्दल सूड, अगदी शब्दशः. 1995 मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींची बलात्काराच्या आरोपातून सुटका केली. या घटनेनंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी 'विशाखा' निकाल आला. त्यातल्या मार्गदर्शक सूचनांचा कायदा व्हायला पुढे 16 वर्षं लागली. 9 डिसेंबर 2013 पासून तो लागू आहे.

तेव्हा कामाच्या निमित्ताने तुम्ही जिथे जाता ती प्रत्येक जागा, मालकाने दिलेलं वाहनसुद्धा, कामाची जागाच धरली जाते. घरूनच काम करत असाल तर कॉल आणि चॅटही त्यात येतात. त्रास देणारा दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या खात्याचा असेल, तर तुमच्या स्वतःच्या ठिकाणच्या समितीकडेच तक्रार द्या. 'तो आमचा माणूस नाही' म्हणून समितीने हात झटकायचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे.

आमच्याकडे समिती आहे म्हणतात, पण कोण आहे कुणालाच माहीत नाही.

दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि शाखा वेगळ्या गावात असेल तर तिथे वेगळी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, आणि स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. हा तपशील दिसेल अशा जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. समितीच नेमली नसेल तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पुन्हा तेच केलं तर दुप्पट, आणि परवान्यावरही गदा येऊ शकते.

नावं ईमेलवर मागून घ्या, तक्रार करायची नसली तरी. आजच. बाहेरच्या सदस्याची जागा रिकामी ठेवून चौकशी उरकलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. अशी चौकशी वर न्यायालयात टिकणं कठीण असतं.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते, ती संबंधित समितीकडे पोचते.

तक्रार किती दिवसांत करायला हवी?

तीन महिने. घटना एकदाच घडली असेल तर त्या दिवसापासून, पुन्हा पुन्हा घडली असेल तर शेवटच्या घटनेपासून. तक्रार करणं शक्यच नव्हतं अशी परिस्थिती असेल, तर समिती कारणं लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे वाव नाही.

ही मुदत फार थोडी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बाईला आपल्यावर काय झालं हे स्वतःशी कबूल करायलाच चार महिने लागतात, तिच्यासाठी हा कायदा दार लावून बसतो. पण मताने मुदत वाढत नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कुलगुरूंविरुद्धचं प्रकरण आलं. तक्रारदार प्राध्यापिकेच्या म्हणण्यानुसार छळाची शेवटची घटना एप्रिल 2023 मधली, तक्रार त्याच वर्षी डिसेंबरात. मधल्या काळात त्यांना एका संचालकपदावरून दूर केलं होतं, आणि हे काढणं म्हणजे त्याच छळाचा पुढचा भाग, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. पदावरून दूर करणं ही प्रशासकीय कारवाई, तिचा आधीच्या लैंगिक वर्तनाशी थेट दुवा दिसत नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य. मात्र निकालाचा उल्लेख त्या कुलगुरूंनी आपल्या बायोडेटात कायम ठेवावा, असाही आदेश त्याच निकालात आहे.

यातून घ्यायचं ते असं. सुडाच्या कारवाईची वाट पाहून, 'आता तर हद्द झाली' म्हणून तक्रार करायला गेलात तर मूळ घटनेची मुदत निघून गेलेली असू शकते. आधी मूळ छळाची तक्रार तारखेत द्या. सूड नंतर आला तर तो त्या तक्रारीच्या तारखेशी जोडता येतो.

तक्रारीत काय लिहू? माझ्याकडे पुरावा नाही.

सगळ्या जणी हेच म्हणतात, आणि मग तासभर बोललं की पाच गोष्टी निघतात. घटनेनंतर मैत्रिणीला केलेला मेसेज. त्या दिवशी अर्धा दिवस टाकलेली रजा. कॅबची वेळ. आईला केलेला फोन. त्याच माणसाबद्दल आधी कुजबुजलेल्या दुसऱ्या दोघी. समितीसमोर फौजदारी खटल्यासारखा शंभर टक्के पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून कोणतं म्हणणं जास्त संभवतं एवढं पाहायचं असतं. बंद केबिनमधल्या गोष्टीला साक्षीदार कुठून येणार, हे समितीलाही कळतं.

लिहिताना तारखेच्या क्रमाने लिहा. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा, ते शब्द लिहायची लाज वाटली तरी. 'त्याने अश्लील वर्तन केलं' या वाक्याने काहीच कळत नाही. 'मंगळवारी सहाच्या सुमारास प्रिंटरजवळ मागून येऊन कमरेवर हात ठेवला आणि असं असं म्हणाला' याने कळतं. तारीख नक्की आठवत नसेल तर तसंच लिहा. चुकीची तारीख ठामपणे दिली की उलटतपासणीत समोरच्याला आयतं मैदान मिळतं. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. लिहिणं जमत नसेल तर लिहून घेण्यात मदत करणं हे समितीचं काम आहे.

स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ मेसेज पुसू नका आणि फोन विकू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते मूळ उपकरणावरून होतं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर जे आहे ते तुमचं नाही असं समजा. खातं बंद व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तुमच्याशी संबंधित पत्रं, अप्रेझलचे शेरे, पगाराच्या पावत्या घरी ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं किंवा क्लायंटचा डेटा मात्र उचलू नका. तेवढ्यावरून उलटी कारवाई करायला त्यांना निमित्त मिळतं.

चौकशी किती दिवस चालते? वकील नेता येतो का?

तक्रार मिळाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते, त्याने पुढच्या दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत मालकाची कारवाई. वकील कोणत्याच बाजूला नसतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासमोर बसून उत्तरं देणं अवघड जात असेल तर तसं सांगा. समिती त्याचे प्रश्न लिहून घेऊन स्वतः विचारू शकते. तीन सुनावण्यांना सलग दांडी मारली तर समिती 15 दिवसांची नोटीस देऊन एकतर्फी निर्णय देऊ शकते, आणि हे दोघांनाही लागू आहे.

'आपापसात मिटवून टाका' म्हणतायत.

समेटाची मागणी फक्त तक्रारदार बाई करू शकते. एचआरने सुचवायचं नाही, समितीने आग्रह धरायचा नाही, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही.

चौकशी सुरू आहे आणि मी अजून त्याच्याच हाताखाली काम करतेय. अप्रेझलही तोच लिहिणार.

हे थांबवता येतं आणि लगेच थांबवता येतं, पण लेखी मागितल्याशिवाय कुणी देत नाही. समितीकडे अंतरिम दिलासा मागा. तुमची किंवा त्याची बदली, तीन महिन्यांपर्यंतची रजा (ती तुमच्या नेहमीच्या रजेतून कापली जात नाही), आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे तुमच्या कामाचं मूल्यमापन किंवा गोपनीय अहवाल लिहायला त्याला मनाई करून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देणं. समितीने शिफारस केली की मालकाने ती अमलात आणून तसं समितीला कळवायचं असतं. मी तर म्हणते, मूळ तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदातच ही मागणी घालून टाका. बदली मागताना मात्र 'त्याची करा' असं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमच्याच सोयीसाठी म्हणून तुम्हालाच कुठेतरी कोपऱ्यात बसवलं जातं.

तक्रारीनंतर सगळं बदललंय. हा सूडच आहे, हे दाखवायचं कसं?

पॉश कायद्यात सूड या नावाचं स्वतंत्र कलम नाही. ही मोठी उणीव आहे, आणि कंपन्यांच्या वकिलांना ती पाठ असते. म्हणून आपल्याला तो तुकड्यातुकड्यांनी पकडावा लागतो.

कुणी तोंडाने कबूल करणार नाही, तेव्हा तारखाच बोलक्या कराव्या लागतात. एका कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. रेघेवर तक्रारीची तारीख. डावीकडे त्याआधीचं सगळं: शेरे, बोनस, कौतुकाच्या ईमेल, कोणत्या कामात तुम्ही होतात. उजवीकडे नंतरचं. डावी बाजू भरगच्च आणि स्वच्छ, उजव्या बाजूला सहा आठवड्यांत तीन मेमो, असं चित्र दिसलं की 'कामगिरी खालावली' हे स्पष्टीकरण द्यायची जबाबदारी आपोआप त्यांच्यावर येते. दुसरी तपासणी: तुमच्याइतकंच काम असलेल्या, पण तक्रार न केलेल्या सहकाऱ्याला तीच वागणूक मिळाली का? तिसरी: हे करणाऱ्याला तक्रारीची माहिती होती का? माहीतच नसेल तर सूड कसा, असा बचाव हमखास येतो. म्हणून तक्रार कुणाकुणाकडे केव्हा पोचली याची पोच जपून ठेवा.

प्रत्येक बदल घडला की त्याच दिवशी एक साधी ईमेल टाका. रागाची नको. 'आजपासून मला अमुक प्रकल्पातून काढल्याचं तोंडी सांगण्यात आलं. अमुक तारखेच्या माझ्या तक्रारीनंतर हा बदल झाला आहे. कृपया कारण लेखी कळवावं.' एवढंच. उत्तर आलं तर ते कागदावर आलं. नाही आलं तर तेही कागदावर आलं.

मग दाद कुठे मागायची? चौकशी चालू असेल तर आधी समितीकडेच, अंतरिम दिलाशाचा नवा अर्ज. सरकारी नोकरीत बदलीविरुद्ध मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, किंवा केंद्राच्या नोकरीत कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली कायद्यानुसार मुदतपूर्व बदलीला लेखी विशेष कारणं आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती फाइल मागितली की पुष्कळदा कारणाच्या जागी 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच दोन शब्द सापडतात.

खासगी नोकरीत 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत सूडबुद्धीने कामावरून काढणं आणि व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली कुहेतूने बदली करणं, दोन्ही 'अनुचित कामगार प्रथा' म्हणून नोंदलेल्या आहेत. अडचण ही की हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि देखरेखीचं काम करून महिना 18 हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारे त्यातून वगळलेले आहेत. पण इथे पदनामावर जाऊ नका. कार्डावर 'मॅनेजर' छापलेलं असतं आणि हाताखाली एकही माणूस नसतो, दिवसभर काम एक्सेल भरण्याचं. न्यायालयं प्रत्यक्ष कामाचं स्वरूप बघत आली आहेत, तेव्हा 'मी कामगार नाही' हा निष्कर्ष स्वतःच काढून घरी बसू नका. व्याख्येत खरंच बसत नसाल तर करारभंगाचा दिवाणी दावा उरतो. तो मार्ग लांबचा आहे हे मान्य.

राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू, असं एचआरने बोलावून सांगितलं.

त्या खोलीत काहीही सही करू नका. 'विचार करून लेखी उत्तर देते' एवढं म्हणून बाहेर या आणि झालेलं बोलणं लगेच ईमेलने त्यांनाच कळवा. सही झालेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, 'हा राजीनामा दबावाखाली घेतला आहे, तो मी मागे घेते' असं कळवा. महिन्याने लिहिलेल्या अशा पत्राला फारसा अर्थ उरत नाही.

नोकरी सोडली तरी तक्रारीचा हक्क जात नाही. तीन महिन्यांची मुदत तेवढी पाळायची. आणि वेतन संहितेनुसार राजीनामा असो वा काढून टाकणं, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायला हवं. 'तक्रार मागे घेतलीस तर फुल अँड फायनल आणि रिलीव्हिंग लेटर' हा सौदा कुणी मांडला तर तो लेखी मांडायला सांगा. सहसा मग मांडत नाहीत.

सिद्ध झालं नाही तर खोटी तक्रार म्हणून माझ्यावरच कारवाई होईल का?

सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याच्या 14 व्या कलमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. नुसता पुरावा अपुरा पडला म्हणून कारवाई होत नाही. दुष्ट हेतूने, खोटं आहे हे माहीत असताना तक्रार केली, हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. बनावट कागद दिला तर मात्र अंगाशी येईल. हे कलम तक्रारदारांना घाबरवायलाच जास्त वापरलं जातं, असा माझा अनुभव आहे.

ऑफिसभर चर्चा झाली आहे. हे चालतं का?

नाही. तक्रार, दोघांची नावं, साक्षीदार, चौकशीतलं बोलणं, शिफारशी, सगळं गुप्त ठेवायचं आहे. समितीच्या किंवा व्यवस्थापनाच्या माणसाने फोडलं तर दंड आहे, पाच हजार रुपये. रक्कम हास्यास्पद आहे. न्याय मिळाला ही गोष्ट नावं उघड न करता सांगायला मात्र हरकत नाही.

पोलिसांत जायचं की समितीकडे?

दोन्हीकडे जाता येतं, एकाच वेळी. 'आधी समिती, मग पोलीस' असा नियम नाही. उलट तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते: लैंगिक छळासाठी कलम 75, विनयभंगाच्या हेतूने हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास 74, पाठलाग, ऑनलाइनसुद्धा, 78, आणि शब्द-हावभावांसाठी 79. घटना कुठेही घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. समितीची तीन महिन्यांची मुदत पोलिसांना लागू नाही, त्यामुळे समितीकडे जायला उशीर झाला तरी पोलिसांचा रस्ता बंद झालेला नसतो.

माझा छळ लैंगिक नाही. साहेब सगळ्यांसमोर शिव्या देतात, रात्री दोनला कामं सांगतात. शिवाय मी पुरुष आहे.

इथे आपला कायदा तोकडा आहे. पॉश फक्त महिलांसाठी आहे, आणि ऑफिसातल्या साध्या दादागिरीविरुद्ध सर्वसमावेशक असा केंद्रीय कायदा नाही. तरी काही दारं आहेत. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणं औद्योगिक संबंध संहितेनुसार गरजेचं आहे. तिथे कारण घडल्यापासून वर्षभरात अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. धमकी, मारहाण, बदनामी हे फौजदारी गुन्हे आहेतच. अनेक कंपन्यांची स्वतःची आचारसंहिता पुरुषांच्या लैंगिक छळाचीही दखल घेते, ती वाचा.

छळामागे जात असेल तर चित्र एकदम बदलतं. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांच्या देखत जातीवरून अपमान करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची किंवा अटकेला कुणाच्या मंजुरीची अट नाही. तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी 2019 च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. गरोदरपणामुळे किंवा प्रसूती रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे, तिथे 'कामाची गरज' हे कारण चालत नाही.

मला निलंबित केलंय. पगार बंद झाला का?

चौकशीसाठी निलंबन असेल तर कामगाराला पहिले 90 दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं. त्यानंतरही चौकशी रेंगाळली आणि त्यात तुमचा दोष नसेल, तर 75 टक्के.

कंपनीतला आर्थिक घोटाळा उघड केला म्हणून त्रास होतोय.

2014 चा जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने केला, पण तो अमलातच आणलेला नाही. त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मात्र कंपनी कायद्याच्या कलम 177 नुसार अशा तक्रारींसाठी यंत्रणा ठेवावी लागते, आणि गरज पडल्यास लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोचता येतं. ती वाट वापरून तक्रार करा आणि पोच घ्या. पत्रकाराला आधी फोन करण्याचा मोह समजू शकते, पण मग गोपनीयतेच्या कराराचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो.

समितीचा निकाल माझ्या विरोधात गेला.

90 दिवसांत अपील. सेवानियम असतील तर त्यांत सांगितलेल्या न्यायालयाकडे किंवा न्यायाधिकरणाकडे, नसतील तर कामगार कायद्यांखालच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, ती आधी मागा. अपिलात सर्वात जोरदार ठरतात ते प्रक्रियेतले दोष: साक्षीदार ऐकलेच नाहीत, बाहेरचा सदस्य गैरहजर होता, तीनपेक्षा कमी सदस्य बसले, तुम्हाला समोरच्याचं उत्तर दाखवलं नाही.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. तातडीचं असेल तर 112, महिला हेल्पलाइन 181. जाताना तो उभ्या रेघेचा कागद बरोबर न्या. वकिलाचा पहिला अर्धा तास वाचतो.